बरण्यांखालचा कागद

आमच्या शेजारचे बाबूजी रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. एका जुन्या कथाकाराची कोणती कथा कोणत्या मासिकात आधी छापली, हे ते गावभरची रद्दी उपसून शोधत. बोलतानाही नजर कागदावर.

एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीच थबकले. "वहिनी, बरण्या उचला."

"काऊन?" मी विचारलं. "लोणचं मुरून राहिलं."

फळीवरच्या जुन्या मासिकाच्या तेलकट पानावर त्या कथाकाराची एक कथा होती. ती आधी कुठल्या मासिकात न येता थेट पुस्तकातच आली, असं बाबूजींनी लिहिलं होतं आणि लेख नागपूरला छापायला गेला होता. त्यांनी तडक तारघर गाठून तो थांबवला.

"एवढ्या वर्षांची मेहनत, बाबूजी! आता नाही छापला तर?"

"नाही तर नाही. चुकीचं छापलं, की पुढचा तेच खरं धरते."

आता फळीवर कागद घालण्याआधी मी त्यांना हाक मारते.