साबणाच्या वेष्टनावरचा पत्ता

माझी धाकटी बहीण साबणाच्या वेष्टनांवरचे कोड काढते. फोन धरला की कंपनीचं पान उघडतं, तेच चौकोनी ठिपके. पण हिच्या हातून त्यांची कधी वेल होते, कधी कोंबडी. कोपऱ्यातले तीन चौकोन तेवढे सांभाळायचे, नाहीतर फोन आंधळा होतो. घरात आम्ही तिला गोगलगाय म्हणतो. ऑफिसात तिच्या टेबलाजवळ खिडकी नाही. मान वर केली की काचेपलीकडे मालक दिसतो.

पहिला कोड केला तेव्हा कंपनीचं पान तयार नव्हतं. हिने नमुन्यापुरता स्वतःच्या चित्रांच्या साइटचा पत्ता घातला. मालकाला वेल आवडली आणि तो नमुनाच छापखान्यात गेला. आता कोड बघणारा प्रत्येक जण आधी हिच्या दारात येतो आणि तिथून कंपनीच्या पानावर जातो. छापलेलं काही बदलता येत नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

तशात मुलांची पुस्तकं काढणाऱ्यांनी तिला चित्रकार म्हणून बोलावलं. कित्येक वर्षांत तिला इतकी खुश पाहिली नव्हती. तिने राजीनामा दिला. मालक गोड हसून म्हणाला, "जा की. साइट तेवढी आमच्या नावावर करून जा."

"सर, त्यात माझी सगळी चित्रं आहेत. नावही माझंच आहे."

"मग जुनी वेष्टनं संपेपर्यंत थांब. उद्या तू साइट बंद केलीस तर आमचा कोड कुठे उघडणार?"

पुस्तकवालेही थोडं थांबायला तयार झाले. मी कंबर कसली. दिसेल त्या दुकानातून तो साबण उचलला, नणंदेला आणि जावेला कामाला लावलं. कपाटं भरली. नवरा म्हणाला, "अगं, आपण माणसं आहोत की धुण्याचे कपडे?"

एक दिवस बहीण आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. मालकाने आता साबणाच्या प्लास्टिकच्या डब्या काढायचं ठरवलं होतं. का, तर आमच्या भागात खप अचानक वाढला! कोड झाकणाच्या साच्यातच कोरायचा, आणि पत्ता तोच. चांगलं चाललंय ते बदलायचं कशाला? साचा वर्षानुवर्षं चालतो. मला मालकाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"बिघडव ना तो कोड," मी म्हणाले. "झाकणावरचं फूल एवढं मोठं कर की फोनला काही दिसायलाच नको. साचाच रद्द होईल."

तिने केलं. फोन धरला, काही उघडलं नाही. मला हायसं वाटलं. ती मात्र पडद्याकडे बघत राहिली. मग एक पाकळी लहान केली, दुसरी आत घेतली, पुन्हा फोन धरला. लगेच उघडलं.

"वाईट काम माझ्या हातून होतच नाही गं, ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तकवाल्यांना नकार कळवला.