गाण्यात उरकलेला तिसरा टप्पा

गुलाबी बोंडअळीने कपाशीचे हंगामच्या हंगाम खाल्ले, त्या वर्षांत मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात महिला शेतकरी गटाबरोबर काम करीत होते. कीटकशास्त्रातली पदवी ताजी होती. अळीचे जीवनचक्र तोंडपाठ होते. अडचण शास्त्राची नव्हतीच. शेजारच्या वावरात अळी राहिली, तर आपले स्वच्छ वावर निरुपयोगी ठरत होते. लागून असलेली सगळी वावरे एकाच वेळी स्वच्छ झाली नाहीत, तर गटाचा पुढचा कापूसही हातचा जाणार होता.

संघ चार टप्प्यांत घडतो, असे प्रशिक्षणात शिकवले होते: जमणे, भांडणे, जुळणे, जिंकणे. ते समजावण्यासाठी मी समाजमंदिरात चादर बांधून खेळाडूंच्या संघावरचा एक गाजलेला हिंदी पिक्चर लावला. असे सगळे पिक्चर एकाच आराखड्यावर उभे असतात. मी जागोजागी थांबवून टप्पे दाखवले, भिंतीवर चार्टही लावला. बायकांनी मात्र प्रशिक्षकाच्या कोटावरच अधिक चर्चा केली.

पहिला टप्पा सुरळीत पार पडला. शेवटची वेचणी होताच सगळ्यांनी कपाशी उपटली. पाणी देऊन ती पुढे रेटण्याचा मोह कोणी धरला नाही. मी समाधानाने गावात फेरी मारली आणि थबकले. दरवर्षीप्रमाणे प्रत्येक अंगणात चुलीसाठी पऱ्हाटीची, म्हणजे उपटलेल्या कपाशीच्या काड्यांची, गंजी रचलेली होती. काड्यांवर वाळकी बोंडे तशीच होती आणि बोंडांत अळी झोपलेली. वावरातला शत्रू आम्ही घरी आणून नीट रचून ठेवला होता.

तातडीने बैठक घेऊन मी गंज्या जाळायला सांगितले. जिचे वावर सर्वांच्या मधोमध होते, ती उठून उभी राहिली.

"जाळा म्हणते! अन् चूल कायनं पेटवू, मॅडम? तुमच्या चार्टानं?"

"इची गंजी राह्यली तं मी माही काहून जाळू?" दुसरी म्हणाली.

"तुह्या घरी गॅस हाये, तुले बोलायले काय जाते? मी निघून राह्यली गटातून!" पहिली तिच्यावर उसळली.

मी शांतपणे म्हणाले, "हा दुसरा टप्पा आहे. पिक्चरमध्येसुद्धा..."

गटाच्या वयस्कर अध्यक्षबाईंनी मला तिथेच अडवले. "पिक्चरमंदी भांडण झालं का गाणं लागते, बाई. गाणं सरलं का सारे दोस्त. इथं गाणं कोन लावते?"

हशा पिकला. गट सोडून निघालेलीही हसली, पण थांबली नाही.

तो प्रश्न मी गंभीरपणे घेतला. पिक्चरमधल्या गाण्यात नेमके काय घडते? सराव, घाम, एकमेकांच्या डब्यात हात. कंटाळवाणे आणि लांबलचक असते, तेच गाण्यात उरकले जाते. माझ्या योजनेतही तिसऱ्या टप्प्याला फक्त चार्टवर जागा होती. शिवाय अळी बोंडात होती, काडीत नव्हती. बोंडे तोडून जाळली, तर चुलीचे सरपण वाचत होते. मात्र वाळक्या बोंडांची टोके बोटांना टोचतात; अख्खी गंजी एकटीने सोलणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे होते.

दुसऱ्या दिवशी बैठक न बोलावता मी मधल्या वावरवालीच्या अंगणात गेले आणि गंजीपाशी बसून बोंडे तोडू लागले.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"काडी तुमची, बोंडं माझी."

तिने एक पोते माझ्याकडे सरकवले, दुसऱ्यावर स्वतः बसली. दुपारपर्यंत अंगण गटातल्या बायकांनी भरले. अध्यक्षबाई भसाड्या आवाजात गुणगुणत म्हणाल्या, "घ्या, लागलं गाणं!" तिथून आज हिचे अंगण, उद्या तिचे, असे करीत आम्ही सगळ्या गंज्या सोलल्या आणि बोंडे खड्ड्यात जाळली.

पुढच्या हंगामात कपाशी फुलावर येताच आम्ही डोमकळ्या शोधत ओळीओळीने फिरलो. अळी आत शिरली की पाकळ्या एकमेकींना चिकटवून टाकते आणि फूल उमलत नाही, तीच डोमकळी. आमच्या वावरांत त्या तुरळक सापडल्या. गटाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, मात्र पावलागणिक होत्या, आणि त्याची जुनी गंजी तिथेच उभी होती.

"याच्या घरी जाऊ," मधल्या वावरवालीने पदर खोचला. "पयले भांडा लागन, मॅडम. टप्पा सोडता येत नाही."

आम्ही रिकामी पोती बरोबर घेऊनच निघालो.