उरलेल्या गोळ्यांचा डबा

आमच्या घरात उरलेली गोळी कधी फेकली नाही. भाकरीचा तुकडा फेकत नाहीत, तशीच. ताप उतरला, खोकला थांबला की पाकिटातल्या राहिलेल्या गोळ्या मी पत्र्याच्या डब्यात टाकायची. बिस्किटांचा जुना डबा, झाकणाला गंज. माझा नवरा गुरांच्या दवाखान्यात शिपाई होता. तो गेला तेव्हा कामाच्या दोनच वस्तू मागे राहिल्या, त्याची सायकल आणि हा डबा. सायकल मोठ्या दिरांनी नेली. डबा मी चालवला.

चालवला म्हणजे खरंच चालवला. कोणाला विळा लागला, बकरीच्या खुरात काही घुसलं, कोंबड्या माना टाकायला लागल्या, की माणसं आधी माझ्या दारात. औषध एकच, लाल-पिवळी कॅप्सूल. मेडिकलमध्ये मागितली की मिळते, चिठ्ठी कोणी विचारत नाही. दोन्ही टोकं धरून ओढली की उघडते. जखम असली तर आतली पिवळी पूड वरून भुरभुरायची. कोंबड्या असल्या तर पाण्याच्या परातीत टाकायची. नवऱ्याने शिकवलं तेवढंच मला ठाऊक, आणि चाळीस वर्षं तेवढ्यावर लोक बरे झाले. निदान मला तसं वाटायचं. मी चौथी शिकलेली बाई. कोणी थट्टेने डॉक्टरीणबाई म्हटलं तर मी नको म्हणायची नाही.

माझी जाऊ समोरच राहते. एकच अंगण, समोरासमोर दारं, दोघी विधवा. ती मोठी. पन्नास वर्षांत आमचं पटलं नाही, आणि पन्नास वर्षांत एक दिवस बोलल्याशिवाय गेला नाही.

दिवाळीनंतर एक पोरगी गावात आली. बुलढाण्याला कॉलेजात शिकून झालं होतं, आता संशोधन करते म्हणाली. पाठीवर पिशवी, हातात थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ. नाल्यातलं पाणी, वाफ्यातली माती असं काय काय बाटल्यांत भरत ती आमच्या अंगणात पोचली. आल्या आल्या जयभीम केला, म्हणून मी उठून पाणी दिलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि माझ्या खुराड्यासमोरच्या डबक्यातलं पाणी नळीने ओढायला बसली.

जाऊ खाटेवरून ओरडली, "काय वं पोरी, अठी काय सोनं सापडलं तुले?"

"नाही आजी, जंतू शोधतेय."

"मंग डबक्यात काऊन शोधतं? ह्या माह्या जावेच्या डोक्यात पाह्य. लय सापडतीन."

पोरगी हसली. मग मला विचारू लागली, कोंबड्यांना औषध देता का, कोणतं, किती. मी डबा आणून सुपात रिकामा केला. लाल-पिवळ्या, पांढऱ्या, गुलाबी, अर्धी पाकिटं, सुट्या गोळ्या. मला वाटलं वाहवा करेल. ती नुसती बघत राहिली. फोटो काढू का म्हणाली. मी म्हटलं काढ.

"कोंबड्या पिऊन उरलेलं पाणी कुठं टाकता आजी?"

"कुठं म्हंजे? नाल्यात."

नाल्याला वरच्या अंगाने बॉयलर कोंबड्यांच्या शेडचं धुतलेलं पाणी येतं, खालच्या अंगाने त्याच पाण्यावर लोक मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिने ते लिहून घेतलं. मी विचारलं, "चुकते का आमचं काही?"

"तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. ते मला आवडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने आपला फोन नंबर लिहिला. पाणी मात्र प्यायली नाही.

तूर कापून झाल्यावर जाऊ शेतात शेंगा वेचायला गेली. तिला साखरेचा आजार आहे, पावलाला काही कळत नाही. तुरीचं तिरपं कापलेलं धसकट चपलेतून आरपार घुसलं तरी तिला पत्ता नव्हता. घरी आली तेव्हा चपलेत रक्त थिजलेलं. मी पाय धुतला, कॅप्सूल उघडली, पूड टाकली, चिंधी बांधली. तीन दिवस रोज. जोडीला डब्यातल्या चार पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या मागच्या वर्षी तिच्याच खोकल्यातून उरलेल्या होत्या. चौथ्या दिवशी जखम सुकल्यासारखी दिसली, म्हणून गोळी बंद केली. संपवायची कशाला, पुढे कामी येते.

आठव्या दिवशी तिच्या घरात वास यायला लागला. आधी मी मेलेला उंदीर शोधला. मग चिंधी सोडली. दोन बोटं काळी पडली होती आणि पाऊल भोपळ्यासारखं.

तिचा मुलगा गाडी करून घाट चढून आम्हाला बुलढाण्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "यावर काय टाकलं?" मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बोटं जाणार. पाऊल राहतं की घोट्याच्या वरून काढावं लागतं, हे औषध लागू पडण्यावर आहे. पू तपासायला देतो."

रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. तोवर दिलेल्या इंजेक्शनांनी काही झालं नाही. सूज एक बोटभर वर चढली. डॉक्टर रोज पेनाने पायावर रेघ मारत, आणि सूज रोज रेघ ओलांडत होती. जाऊ त्या रेघांकडे पाहून म्हणाली, "शेताची मोजनी करून राह्यले का हे?" हसायला कोणी नव्हतं.

रिपोर्ट आला. इंग्रजी मला येत नाही, पण एकच अक्षर खाली खाली येत जातं हे दिसायला शाळा लागत नाही. औषधांची लांब यादी, पुढे तेच अक्षर, तेच अक्षर, तेच अक्षर. तळाशी फक्त दोन ठिकाणी वेगळं. डॉक्टर म्हणाले, "ही दोन उरलीत. यातलं एक आजपासून सुरू करतो."

मी विचारलं, "अन् तेही नाई लागलं तं?"

त्यांनी कागद उलटला. मागे कोरा होता.

मी जावेच्या मुलाला सांगून घरून कॅलेंडरवरचा नंबर मागवला आणि त्या पोरीला फोन लावला. संध्याकाळी ती दवाखान्यात आली. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. मी कागद तिच्या हातात दिला. "हे सारखं सारखं अक्षर कायचं आहे?"

"म्हणजे त्या औषधाने जंतू मरत नाही, आजी. औषध असून नसल्यासारखं."

"एवढ्या औषधाईनं मरत नाई? काऊन?"

ती शब्द जुळवत होती, मला सोपं करून सांगायला. मला सोपं करून नको होतं. मी कापूस वेचलेली बाई आहे. गुलाबी बोंडअळी आली ते साल मी पाहिलं आहे. बोंड वरून धड, आत अळी. ज्या बियाण्याने अळी मरायची त्याच बियाण्याच्या बोंडात ती लोळायला लागली. लोकांनी फवारे मारले. औषध पुरावं म्हणून काही जण अर्धंच पंपात टाकत. आमच्या शेजारच्या शेतवाल्याला मी बांधावरून, चार माणसांसमोर सुनावलं होतं, "अर्ध्या औषधानं अळी मरत नाई. शहानी होते!" चार माणसं हसली होती. पुढे तेच बोलणं लोक गावात म्हणीसारखं वापरायचे.

मी पोरीला विचारलं, "बोंडअळीवानी?"

तिने कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "हो. अगदी तसंच."

अळीचं मला ठाऊक होतं. भर शेतात, मोठ्या तोंडाने मीच सांगितलं होतं. आणि घरी येऊन कॅप्सूल उघडून चिमूटभर पूड टाकत होते. चार गोळ्या देऊन बाकीच्या डब्यात टाकत होते. चाळीस वर्षांत या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदाही एकमेकींना भेटल्या नाहीत.

पोरगी हळूच म्हणाली, "अळीपेक्षा वाईट आहे आजी. अळी शहाणी झाली तर तिची पिल्लं शहाणी होतात, एवढंच. हे जंतू शेजाऱ्यालाही शिकवतात. कोंबडीच्या पोटातला जंतू पाण्यात आला, तर तो तिथल्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही ती विद्या देतो. तो माणसात जातो."

"तुह्याजोळ माह्या डबक्याचं काय निंघालं?"

"ते आत्ता कशाला आजी."

"दाखव म्हणलं ना."

तिने पिशवीतून वही काढली. पान उघडायला तिने उगाच वेळ लावला. मी जावेचा रिपोर्ट वहीशेजारी धरला. तिच्या वहीतली यादी लहान होती, हाताने लिहिलेली. पण अक्षर तेच, खाली खाली तेच. जिथे डबक्यात औषध हरलं होतं, तिथे पायातही हरलं होतं. मी बोट लावून एकेक ओळ पाहिली.

ती घाईने म्हणाली, "एकच जंतू आहे असं मी म्हणू शकत नाही. त्याला मोठ्या तपासण्या लागतात. आणि तुमच्या दोन कॅप्सूल म्हणजे काहीच नाही. वरची शेड आहे, दवाखान्यांचं पाणी आहे, गावोगावी मेडिकल आहेत. नाला सगळ्यांचा आहे."

खरं बोलत होती. पण मी काही लहान लेकरू नव्हते. मी म्हटलं, "नाला समद्याईचा आहे. पायावर पूड म्या टाकली."

उठून दवाखान्याच्या नळाखाली ओंजळ धरली. ओंजळ भरली, आणि ते पाणी मला पिता येईना. मी हात सोडले.

बोटं दुसऱ्या दिवशी कापली. पुढचे चार दिवस मी खाटेच्या पायथ्याशी बसून पेनाची रेघ बघत होते. पाचव्या दिवशी सूज रेघेच्या आत आली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं, पाऊल राहील. मी विचारलं, पुढच्या वेळी? ते म्हणाले, पुढची वेळ येऊ देऊ नका.

जावेला मीच सांगितलं, तिथेच. तिच्या मुलाने खूण करून थांबवलं तरी सांगितलं. बोंडअळी, डबा, वहीतली यादी, सगळं. ती छताकडे पाहत ऐकत होती.

"म्हंजे तुह्यानं झालं हे?"

"पोरगी म्हणते सांगता येत नाई. मले वाटते माह्यानं झालं."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग ती बोटंई मांगून आन. डब्यात ठेव. तू तं काहीच फेकत नाई."

त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पानी दे. उकळेल आहे ना?"

घरी आल्यावर मी आधी डबा उचलला आणि नाल्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत थांबले आणि पोरीला फोन केला. बरं केला. ती ओरडलीच, "नाल्यात नको आजी! उकिरड्यावर नको, चुलीतही नको."

"मंग खाऊ का?"

"मी विचारून सांगते," ती म्हणाली. मेडिकलवाल्याकडे नेला तर तो म्हणाला विकलेला माल परत घेत नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, असं कोणी आजवर आणून दिलं नाही, वर विचारावं लागेल. एवढ्या गोळ्या घरात येऊ शकतात आणि बाहेर जायला त्यांना वाट नाही, हे ऐकून मी उपकेंद्राच्या पायरीवर तशीच उभी राहिले. डबा परत आणला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून फळीवर ठेवला.

परवा शेजारीण आली. बकरीच्या खुराला जखम. "काकू, ते पूड द्या नं थोडी."

"नाई. गुराच्या दवाखान्यात ने."

"आता वं माय! एवढ्या वर्सात पह्यल्यांदा नाई म्हणलं. मोठ्या झाल्या काय तुमी?"

समोरच्या खाटेवरून जावेने पायावरची गोधडी बाजूला केली. "हे पाह्य, अन् मंग मांग."

शेजारणीने पाहिलं, तोंडाला पदर लावला, आणि गेली. मला वाटलं, समजली. जावेलाही वाटलं. ती म्हणाली, "दोन बोटं गेली, पन एक बाई तं शहानी झाली."

दुपारी शेजारीण परत आली. मूठ उघडली तर त्यात लाल-पिवळ्या कॅप्सूलचं पाकीट, दोन वापरलेल्या. मेडिकलमधून आणल्या होत्या.

"बकरीले दोन पुरल्या, काकू. बाकीच्या उरल्या. फेकाले जीव होत नाई. तुमच्या डब्यात ठेवता का?"

मी जावेकडे पाहिलं. तिने गोधडी परत पायावर ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी हात पुढे केला आणि घेतल्या. न घेऊन त्या कुठे गेल्या असत्या?