आईने पुसलेली बुरशी

काळाचौकीच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला आणि वर्षभरात बाबांच्या पलंगामागच्या भिंतीला बुरशी आली. बाहेरचा पाइप गळतोय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाबांचा दमा बळावला. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मते मात्र ही आमच्या स्वयंपाकाची वाफ. पाइप दुरुस्त करायचा तर तज्ज्ञाचा रिपोर्ट आणा, म्हणाले. हा गृहस्थ उद्या आग लागली तरी धुराचा दाखला मागेल.

मी हवा तपासणाऱ्याला बोलावलं आणि एकच चूक केली, आईला आधी सांगितलं. परका माणूस घरात येणार म्हटल्यावर ती गप्प बसते थोडीच! मी आंघोळ करून येईपर्यंत तिने भिंत ब्लीचने घासून लख्ख केली, फिनेल शिंपडलं, वर धूप लावला. घराला देवळाचा आणि सरकारी दवाखान्याचा वास एकदम येत होता. तपासनिसाचं यंत्र लाल झालं, ते धुपाने. भिंत ओली होती, पण ती पाइपामुळे की घासल्यामुळे, हे त्याला सांगता येईना. बिचारा नमुन्यासाठी टिकलीएवढा डाग शोधत फिरला आणि आई त्याला पोह्यांचा आग्रह करत राहिली.

रिपोर्टात आलं, घरात धूप जाळू नये. सेक्रेटरींनी ते मीटिंगमध्ये खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मला इतकी चीड आली, की घरी येऊन मी आईवरच ओरडलो. बाबा खोकत होते. ती त्यांची पाठ चोळत राहिली.

पुन्हा तपासणी ठरली ती गणपतीनंतरची. तोवर भिंतीला हात लावू नका, असं तपासनिसाने बजावलं. बुरशी छताला टेकली. आमचं घर एका खोलीचं, त्यामुळे मखर तिथेच, काळ्या भिंतीला लागून. लालबाग-परळचे सगळे नातेवाईक दर्शनाला आले आणि देवाआधी भिंतीकडे बघू लागले. मावशी तर फडकं ओलं करून उठलीच. आईने तिला हात धरून खाली बसवलं.

सेक्रेटरीही आले. मोदक संपवत म्हणाले, “वहिनी, सणासुदीला भिंत तरी पुसून घ्यायची.”

आईने त्यांच्या हातावर तीर्थ घातलं.

“आधी ह्येंका धड श्वास घेऊक गावांदे,” बाबांकडे बघत ती तिच्या मालवणीत म्हणाली, “मगे पुसतंय.”