खंडेनवमीचा हब

दसऱ्याच्या सुट्टीनंतर ऑफिसात आले, टेस्ट चालवली आणि नोंदी अडकायला लागल्या.

मंगळवार पेठेतल्या त्या ऑफिसात आम्ही एका डेअरीसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. गावोगावचं सकाळचं दूध एकाच वेळी मापलं जातंय असं समजून खोट्या नोंदींचा मारा करायचा आणि यंत्रणा दमते का बघायचं, ही आमची टेस्ट. आधी सगळं एकाच सर्व्हरवर होतं. प्रत्येक नोंद तीन सर्व्हरवर लिहिणारा भाग मी केला होता. तिघांनीही 'लिहिलं' असं कळवल्याशिवाय नोंद पक्की धरायची नाही, हा ऑफिसच्या मालकांचा, आमच्या सरांचा हट्ट. "दुधाची नोंद हरवली की लोक दारात येत्यात," ते म्हणायचे.

सुट्टीआधी मी एकटीने चालवून पाहिलं तेव्हा नोंदी सरसर गेल्या होत्या. पण ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हस पान्हा चोरती तसं करतंय की हे," माझ्या शेजारी बसणारे सीनियर म्हणाले. "कॉन्व्हेंट मॅडम, इंग्रजीत समजवा जरा त्याला."

सगळे हसले. पान्हा चोरणं म्हणजे काय ते मी घरी जाऊन आईला विचारलं. दूध असूनही म्हैस ते आखडून धरते, ती म्हणाली.

डेअरीची माणसं दोन दिवसांत बघायला येणार होती. तोवर जमलं नाही तर माझा भाग काढून पुन्हा एकाच सर्व्हरवर जायचं, असं सरांनी सांगितलं. ते रागावले नव्हते. त्यामुळे मला आणखीच काही सुचेना.

जुन्या नोंदी वाचायला मागितल्या की लगेच मिळत. नवीन लिहायला गेलं की थांबत. तिसरा सर्व्हर वगळून दोघांवरच लिहायला सांगितलं तर लिहिणंही पळायला लागे. म्हणजे तिसऱ्याचीच डिस्क खराब, असं मला वाटलं. डिस्क बदलली. काही फरक नाही. माझं लिखाण मी इतक्या वेळा वाचलं, की शेवटी त्यातल्या बरोबर ओळीही चुकीच्या दिसू लागल्या.

तिसऱ्याची तार तरी नीट बसली आहे का, म्हणून टेबलाखाली वाकले. तार खाली एका जुन्या हबमध्ये गेली होती. हब म्हणजे तारा एकत्र जोडायचा डबा. त्याच्यावर वाळलेला झेंडू आणि हळदकुंकू होतं.

मग आठवलं. खंडेनवमीला सरांनी माळ्यावरून तो हब खाली काढला होता. ऑफिसची पहिली वस्तू, धंदा त्याच्यावर उभा राहिला, म्हणून पूजेत तोही हवा. पण त्याचे दिवे लागेनात.

"मेलेल्या मशिनीची पूजा कोण करतंय?" म्हणत सीनियरनी तिसऱ्या सर्व्हरची तार स्विचमधून, म्हणजे हबच्या जागी आलेल्या नव्या वेगवान डब्यातून, काढून हबमध्ये घातली, आणि हबची एक तार स्विचला जोडली. हिरवे दिवे लुकलुकले. टाळ्या पडल्या. मग आरती झाली, पेढे वाटले, सगळे घरी गेले. तार तिथंच राहिली. जुना हब इतका मंद, की तिसऱ्याचा 'लिहिलं' हा निरोप रांगतच येत होता, आणि बाकीचे दोघे त्याची वाट बघत बसत होते.

हे मी पाहिलं होतं, कारण मी दाराशी उभी होते. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पूजा नव्हती. ऑफिसात मी हे सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

गुपचूप तार बदलता आली असती. पण मग काम आपोआप सुधारल्यासारखं दिसलं असतं, आणि चूक माझ्याच लिखाणात होती असं ठरलं असतं.

"तिसऱ्याची तार हबमध्ये आहे," मी म्हणाले. आवाज फारसा निघाला नाही, परत म्हणावं लागलं.

"कुणी घातली?" सीनियर म्हणाले.

"तुम्ही. पूजेच्या वेळी."

"तुला काय म्हाईत? कुंकू लावायला हाक मारली तवा कुठं हुतीस तू?"

"दाराशी."

"दाराशी कशाला?"

सर खुर्चीवरून बघत होते.

"तिथून सगळं दिसतं," मी म्हणाले.

सीनियर वाकले, टेबलाखाली बघितलं आणि नुसतंच "आयला" म्हणाले. तार त्यांनीच काढली आणि स्विचला लावली. मी टेस्ट चालवली. नोंदी सुट्टीआधीसारख्या पळायला लागल्या.

"ऱ्हाऊ दे हिचा भाग," सर म्हणाले. मग वरचा झेंडू काढून त्यांनी हब स्वतः माळ्यावर ठेवला. उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढल्या दसऱ्याला तारांकडं तू बघ. पूजेचं आमी बघतो."

त्यांना सगळं समजलं होतं की काहीच नाही? मला जागा दिली होती की बाजूला काढलं होतं? मी हो म्हटलं, आणि टेस्ट पुन्हा एकदा चालवून बघितली.