तळाची ओळ

मुलुंड पूर्वेत एखादी वस्तू कशी वापरावी हे सांगणारा कागद चिकटवलेला दिसला, तर तो माझ्या मेहुण्याने लिहिलेला आहे असं खुशाल समजावं. लिफ्टचं दार, गच्चीचं कुलूप, सोसायटीचा पाण्याचा पंप, स्वतःच्या घरातला गीझर, यांपैकी काहीही त्याने माणसांच्या अकलेवर सोडलेलं नाही. पोटापाण्यासाठीही त्याने अनेक वर्षं हेच केलं: पवईतल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिली. आणि सुट्टीच्या दिवशी, विश्रांती म्हणून, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून केलेल्या एका फुकट सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिली. दोन्हींत फरक काय, असं मी एकदा विचारलं. "ऑफिसचं कोणी उचललं तर वकिलाची नोटीस जाते," तो म्हणाला. "इकडचं कोणीही घ्यावं, बदलावं, विकावं. फक्त तळाला एक ओळ टाकायची, कुणाकडून घेतलं त्याची."

ही तळाची ओळ म्हणजे त्याचा धर्म. शेजारच्या सोसायटीने पंपाची सूचना जशीच्या तशी उतरवली, तेव्हा तो तिथे गेला तो भांडायला नाही, ओळ मागायला: 'मूळ सूचना: शेजारची बी विंग. व्हॉल्व्हची दुरुस्ती: तिथले वॉचमन.' त्यात आपलंही नाव गेल्याचं कळल्यावर बी विंगचा वॉचमन घाबरला. "साब, मेरा नाम काहे को? पानी नहीं आया तो सब मेरे पीछे पड़ेंगे." त्याच्या घरी फ्रिजवर बांगड्याच्या तिखल्याची कृती लावलेली आहे. तिच्या तळाला लिहिलंय: 'मूळ कृती: आई. बदल: तिरफळं दोन कमी.' ही आई म्हणजे माझ्या सासूबाई, मालवणकडच्या. त्या म्हणतात, "माझ्याच घरात माझा नाव वाचूक माका चष्मो लागता." बांगडा त्याच्या कामातही शिरला होता. फाइलींच्या जादा प्रती कशा ठेवाव्यात हे समजावताना नमुन्याच्या फाइलीला त्याने 'बांगडा' असं नाव दिलं होतं. या बांगड्यानेच घात केला.

एका मंगळवारी त्याच्या मॅनेजरबाईंनी कंपनीची आणि फुकटवाल्यांची, अशा दोन्ही पुस्तिका त्याच्यापुढे ठेवल्या. बारा पानं शब्दशः सारखी. "चोरी बघ ना, यार," त्या म्हणाल्या. "आपला बांगडासुद्धा सोडला नाही त्यांनी. पानं काढायला लावू. नोटिशीचा कच्चा मसुदा तूच कर, तुला लिहिता येतं."

तो तडक माझ्याकडे आला. खरं तर बांगडा आधी फुकटच्या पुस्तिकेत होता. पूर्वी एकदा मुदत संपत आली असताना त्याने ती पानं फुकटच्या पुस्तिकेतून उचलून कंपनीच्या पुस्तिकेत घातली होती. बराचसा मजकूर त्याचाच, म्हणून ओळ टाकली नाही. पण त्या मजकुरात चौघांनी दुरुस्त्या केल्या होत्या. आयुष्यभर वॉचमनचंही नाव न विसरलेला माणूस नेमका तिथे चुकला होता.

"गप्प बस," मी म्हणालो. "नोकरी जाईल." दुसऱ्यांच्या बातम्या पहिलं वाक्य बदलून आपल्या करण्यात माझी उपसंपादकाची हयात गेली, त्यामुळे सल्ला अनुभवाचा होता.

"आणि त्या चौघांना नोटीस जाऊ देऊ?"

"त्यांचं काय जातंय? फुकट तर लिहितात."

"तेवढंच तर मिळतं त्यांना, भावोजी. पानावर नाव. आता चोर म्हणून मिळेल."

मसुदा त्याने माझ्याच डायनिंग टेबलावर बसून लिहिला. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने त्याला लिहिता येत नाही: 'अडचण: बारा पानं सारखी आहेत. कारण: मी उचलली, ओळ न टाकता. उपाय: कंपनीने पानाच्या तळाला चौघांची नावं टाकावीत. टीप: उपाय न केल्यास नोटीस उलट दिशेने येऊ शकते.'

नोटीस गेली नाही. ओळ छापली गेली, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात. नोकरीही गेली नाही, पण पुस्तिका त्याच्याकडून काढून घेतली. आता तो ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेतो आणि दुसऱ्या कुणी लिहिलेली पुस्तिका त्यांना वाचून दाखवतो. तिच्यात बांगड्याचा 'नमुना १' झाला आहे. फुकटच्या पुस्तिकेत बांगडा अजून आहे.

ती बारीक ओळ त्याने सासूबाईंना मोठी करून दाखवली. त्यांनी चष्मा लावून चारही नावं वाचली.

"तुझा खंय?"

"माझं नाही लागत, आई. मी नोकरीत आहे ना."

गेल्या रविवारी मी तिकडे जेवायला गेलो होतो. पाणी घ्यायला फ्रिज उघडताना कृतीचा कागद पाहिला. 'बदल: तिरफळं दोन कमी' याच्यापुढे पेनाने, सासूबाईंच्या हललेल्या अक्षरात, त्याचं नाव लिहिलेलं होतं. पानातल्या तिखल्यात तिरफळं मात्र पूर्वीइतकीच होती.