पाऊस म्हटलं की पूल

भिजलेल्या सीट-कव्हरचा कुबट वास, काचेवरून ओघळणाऱ्या धारा आणि त्यांपलीकडे वेलचेरीच्या उड्डाणपुलावर कडेनं लागलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग! कार्तिक महिना, म्हणजे इथला वादळी पावसाळा, आला की हे दृश्य माझ्या मनात आपसूक उभं राहतं. वादळाची बातमी येताच आमच्या इमारतीतली माणसं वरच्या मजल्यांवर चढतात आणि गाड्या पुलावर. खाली पाणी भरतं, पुलावर भरत नाही, इतकं साधं शहाणपण आहे हे.

या तमिळ शहरातल्या मराठी मंडळींचा रविवारी संध्याकाळी एक खेळ रंगतो. एकानं शब्द टाकायचा, पुढच्यानं त्यावरून मनात येईल तो शब्द जोडायचा. संबंध पटला तर गुण, नाहीतर बाद. निवाडा जोशीकाकांचा. पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले हे सद्गृहस्थ भाषेवर निरतिशय प्रेम करणारे, आणि म्हणूनच तिच्या दारात काठी घेऊन बसलेले.

आमची मराठी तंजावरची, पिढ्यानपिढ्या तमिळच्या शेजारात मुरलेली. माझ्या लेकीला, मीनाक्षीला, तर तमिळच जवळची. मराठी तिच्या ओठांवर पाहुणीसारखी येते. एका रविवारी ती प्रथमच खेळायला बसली. शब्द आला 'पाऊस', आणि क्षणाचाही विलंब न लावता ती म्हणाली, 'पूल'.

"बाद!" काका हसले. "अगं, पाऊस म्हटलं की भजी, छत्री, मोर. पूल कुठला? हे आपल्याकडचं नाही." मीनाक्षीचा चेहरा उतरला. "वेण्डाम् अम्मा," नको मला, असं पुटपुटत ती उठू लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडचं म्हणजे कुणाकडचं हो? जिनं पुलावर, पाणी ओसरेपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर बसून, मांडीवर वही घेऊन गृहपाठ केला, तिच्या पावसात मोर कुठून यावा? भाषा म्हणजे पूर्वजांनी मांडून ठेवलेली आरास, जिला हात लावायची मुलांना बंदी? आज ही पोर उठली तर या घोळक्यात पुन्हा मराठीत तोंड उघडणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, "काका, गुण तुमचे, ते खुशाल ठेवा. पाऊस मात्र तिचा आहे. तो कसा आहे ते ती सांगेल आणि आपण ऐकू."

तिनं सांगितलं. अडखळत, मध्येच तमिळचा आधार घेत, पण सगळं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि तरीही बादच दिलं. देऊ देत! तेव्हापासून 'पाऊस' आला की ती 'पूल' म्हणते, बाद होते आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत ठाण मांडून बसते.

काल पुन्हा वादळाची बातमी आली. पुन्हा तोच पूल, तोच कुबट वास. मीनाक्षीनं तळहातानं काच पुसली, बाहेरची रांग न्याहाळली आणि म्हणाली, "आई, हा बघ आपला बाद पाऊस."